आराखडा मंजूर, बिल मात्र अडकलेलं

मेलबर्नमधल्या आमच्या कंपनीचा रॅप, म्हणजे रिकन्सिलिएशन अ‍ॅक्शन प्लॅन, तयार करायचं काम माझ्याकडे आलं. इथल्या आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांशी सलोख्यासाठी कंपनी नेमकं काय करणार, हे त्यात लिहून द्यायचं असतं. रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था 2006 पासून असे आराखडे तपासून मान्यता देते. चार पायऱ्यांपैकी पहिली, रिफ्लेक्ट, आम्ही घेतली. मसुदा, शेरे, दुरुस्त्या सगळं सुरळीत झालं.

घोडं अडलं ते आमच्याच खरेदी विभागात. आदिवासी मालकीच्या व्यवसायांकडून खरेदी करू, असं आम्ही लिहून दिलं होतं. आदिवासी व्यवसायांची यादी ठेवणाऱ्या सप्लाय नेशन या संस्थेच्या यादीतून एका बहीण-भावाचं छोटं केटरिंग मिळालं. त्यांची वॉटलसीडची, म्हणजे इथल्या बाभळीच्या बियांची, बिस्किटं सगळ्यांना आवडली. मग नव्या पुरवठादाराचा फॉर्म आला. तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब हवेत. त्यांच्या धंद्याला तेवढी वर्षं झालीच नव्हती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: बिलाचे पैसे महिनाअखेरीपासून 60 दिवसांनी. दोन माणसांनी तोवर पीठ-लोणी कुठून आणायचं? फोन केला की एकच उत्तर, ‘पॉलिसी आहे.’ मेलला उत्तरच नाही. तिकडे ताई विचारत होत्या, ऑर्डर धरू की सोडू? माझा संताप संताप होत होता. मे 2020 मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकन गॉर्जमधली 46,000 वर्षांच्या वस्तीच्या खुणा असलेली ठिकाणं स्फोटाने उडवली, तेव्हा रॅप त्यांच्याकडेही होता. नंतर त्यांची मान्यता काढून घेतली गेली. नुसत्या कागदाने काय होतं, ते तेव्हाच दिसलं.

शेवटी आराखड्याचं ते पान घेऊन थेट अर्थप्रमुखांकडे गेले. खरेदीच्या कलमापुढे जबाबदार म्हणून त्यांचंच पद छापलेलं होतं. लहान ऑर्डरींसाठी ऑडिटची अट गेली, पैसे सात दिवसांत द्यायचं ठरलं. ताईंना फोन करताना मला फार अभिमान वाटला.

तुमच्याकडे हे काम आलं तर मसुद्यातच प्रत्येक कलमापुढे सही करू शकणाऱ्याचं पद घाला. पुरवठादाराचा फॉर्म तर मसुद्याच्याही आधी वाचा.

हो, आणि वेलकम टू कंट्री, म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीचं पारंपरिक स्वागत, त्या भूमीच्या मूळ समाजातली माणसंच करतात; आपण फक्त अ‍ॅक्नॉलेजमेंट, म्हणजे त्या समाजाचा आदराने उल्लेख, म्हणू शकतो. 27 मे ते 3 जूनच्या सलोखा सप्ताहात त्यांना सगळीकडून बोलावणी असतात, म्हणून खूप आधी विचारा आणि मानधन बजेटमध्ये धरा.