कातडी बरी दिसते आणि ठणका मात्र सहन होत नाही

ऊसतोड सुरू झाली की मिरजेत आमच्या वॉर्डला नेक्रोटायझिंग फॅसायटिसचे, म्हणजे कातडीखालचं मांस कुजवत जाणाऱ्या जंतुसंसर्गाचे, पाय येतातच, पाचटाचं नाहीतर कोयत्याचं बारीकसं लागलेलं, शुगर आहे पण गोळ्या बंद, आणि दोन दिवस दुखण्याची इंजेक्शनं घेऊन झालेली. त्या इंजेक्शनांचा मला जाम राग येतो कारण ठणका तेवढा दबतो अन् आजार आत पसरतच राहतो.

मागच्या आठवड्यात वाळव्याकडचे एक काका आले. पोटरीवर जराशी लाली, सूज, बस्स. पण हात लावू देईनात, "आतनं जळतंय ओ डॉक्टर!" लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली तर तासाभरात लाली रेघेच्या पुढं, बीपी खाली, रक्तातलं सोडियम कमी, 128, आणि सूज-संसर्ग दाखवणारं सीआरपी 200 च्या वर. नेक्रोटायझिंग फॅसायटिस, दुसरं काय. हा आजार स्नायूवरच्या पडद्यातनं पळतो, कातडीला रक्त देणाऱ्या बारीक नसा बंद पाडतो, म्हणून वरनं काळं पडेपर्यंत आत बरंच मेलेलं असतं. आणि पुढं नर्व्ह मेल्या की दुखणं थांबतं, घरचे म्हणतात आता बरं वाटतंय, तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पुतण्या म्हणाला आधी एमआरआय करू. नको म्हटलं, तेवढा वेळ नाही! रक्ताच्या तपासण्यांवरनं काढतात तो एलआरआयएनईसी स्कोअर 6 किंवा जास्त आला तर संशय वाढतो पण कमी आला म्हणून आजार नाही असं नसतं, सीटीत गॅस दिसला नाही तरी तेच. भूल देऊन 2 सेंटीमीटरची चीर घेतली, रक्त नाही, राखाडी पाणी आलं आणि बोट पडद्यावरनं सरळ सरकत गेलं, म्हणजे आजार पक्का. मग रक्त येईल तिथपर्यंत कापत जायचं. मेरोपेनेम, व्हँकोमायसिन आणि जंतूंचं विष तयार होणं थांबवायला क्लिंडामायसिन, ही अँटिबायोटिक आधीच चालू केलेली, पण मेलेल्या भागात रक्तच जात नाही तर औषध कसं जाणार?

24 तासांत परत थिएटरला नेलं, आणखी वीतभर काढावं लागलं. पाय वाचलाय, जखमेतलं पाणी मशीननं ओढून घेणारं व्हॅक ड्रेसिंग चालूय, जखम लाल झाली की मांडीची कातडी लावू. शुगरच्या गोळ्यांवरनं काकूंचं आणि त्यांचं भांडण राऊंडला रोज ठरलेलं.