खेळाडूच्या पासपोर्टात नसलेली दोन वर्षं

मडगावात एका फुटबॉल क्लबच्या ऑफिसात मी खेळाडूंच्या नोंदणीचं काम पाहायचो. 2012 चा 31 ऑगस्ट, म्हणजे आमच्यासाठी नोंदणीचा शेवटचा दिवस, आजही जसाच्या तसा आठवतो.

आधीच्या मोसमात नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने गोव्याच्या डेम्पो क्लबसाठी 32 गोल मारले होते आणि डेम्पोने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकली होती. रँटी मग कोलकात्याला प्रयाग युनायटेड क्लबकडे गेला. इकडे जो तो क्लब आपापला रँटी शोधत होता. आमच्या कोचनी घानाचा एक पोरगा चाचणीतून निवडला. हवेतल्या चेंडूवर त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. व्हिसाचं काम झालं होतं, अडलं होतं ते आयटीसीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्रावर.

ते खेळाडूने खिशात घालून आणायचं नसतं. क्लबने फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन यंत्रणेत करार आणि आधीचा करार संपल्याचा पुरावा चढवायचा. मग दिल्लीचं एआयएफएफ, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, खेळाडूच्या आधीच्या देशाच्या संघटनेकडे ते प्रमाणपत्र मागतं. त्यात आमच्याकडे एक गंमतच होती: गोवा फुटबॉल असोसिएशनही जीएफए आणि घाना फुटबॉल असोसिएशनही जीएफए. म्हणून घानाच्या फायलींवर मी 'अक्रा' असं, म्हणजे त्यांच्या राजधानीचं नाव, लाल पेनने लिहून ठेवायचो.

दुपारी त्या पोराने घानातल्या जुन्या क्लबचं सुटकेचं पत्र आणून दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेलं. घडी नेमकी तारखेवरून गेली होती. घामाने की पावसाने कोण जाणे, सालाचा शेवटचा आकडा पुसला गेला होता. 2010 की 2012? नुसत्या अंदाजावर तो कागद चढवायची माझी हिंमत झाली नाही.

"कधी सोडलं त्यांनी तुला?"

"दोन हजार दहा, सर."

मी त्याचा खेळाडू-पासपोर्ट काढला. कोणत्या मोसमात कुठल्या क्लबकडे नोंद होती, ते त्यात लिहिलेलं असतं. 2010 नंतर कोरं.

"मग ही दोन वर्षं होतास कुठे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. रात्रीचा उजेड, मागे सुपारीच्या खोडांची कच्ची गॅलरी माणसांनी गच्च भरलेली, आणि हा छातीशी चषक धरून उभा. मलप्पुरम. केरळातलं सेव्हन्स फुटबॉल. सात-सात जणांचा खेळ, आज या गावात तर उद्या त्या, मॅचमागे पैसे. तिथे आफ्रिकेच्या कुठल्याही खेळाडूला 'सुदानी' म्हणतात. घानाचा असला तरी सुदानीच. एआयएफएफची त्या स्पर्धांना मान्यता नाही, त्यामुळे त्याने मारलेले गोल कुठल्याच कागदावर नव्हते. किती मारले, हे त्यालाही नीट सांगता येईना. पण कुठल्या गावी गुडघा सुजला आणि कुणाच्या घरी तीन आठवडे जेवला, ते मात्र तपशिलात सांगितलं.

"हे पासपोर्टात लिहिता येईल का, सर?"

नाही, म्हणालो. दुसरं काय सांगणार? मला ते फार लागलं. मी रोज असे पासपोर्ट चाळायचो. मधे कोरं दिसलं की माझ्या मनात पहिली शंका यायची: दुखापत, नाहीतर काहीतरी भानगड.

घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले, तेव्हा त्याच्या जुन्या क्लबच्या गावी, कुमासीत, भर दुपार. क्लबच्या सेक्रेटरींचा फोन लागेना. चौथ्यांदा लागला, तेव्हा आमचा पोरगा घानातल्या त्वी भाषेत इतकं भराभर बोलत होता की मला फक्त 'इंडिया' एवढं कळलं. सेक्रेटरी सायबर कॅफेत जाऊन पत्राची प्रत स्कॅन करून पाठवणार होते. आम्ही वाट पाहत बसलो. खालून पाव-भाजी मागवली, त्याने पावाचा तुकडाही मोडला नाही.

दहा वीसला मेल आली. तारीख स्पष्ट: 2010. अकराच्या सुमारास सगळं चढवून झालं, आणि दिल्लीच्या माणसाला मी तीनदा फोन केला. त्याने मात्र न चिडता रात्री बारा वाजायच्या आत मागणी पुढे पाठवली.

सहाव्या दिवशी अक्राहून प्रमाणपत्र आलं. मी फोन केला, तेव्हा तो खोलीवर भात शिजवत होता. ऐकून घेतलं, आणि मग एवढंच विचारलं, "म्हणजे शनिवारी खेळू?"