एकेक डोळा झाकून तपासताना

इंदूरला रामबागेजवळ माझा डोळ्यांचा दवाखाना आहे, आणि तिथल्या एका केसपेपरवरची माझ्याच अक्षरातली नोंद मला अजून टोचते : दोन्ही डोळे ६/६ (म्हणजे नजर पूर्ण), मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबर बदलला. काकूंची तक्रार मात्र अशी होती, की मान वर करून राजवाडा पाहिला तर वरचे मजले एकावर एक दोनदा दिसतात. चष्म्याच्या दुकानदाराने त्याआधी दोनदा नंबर बदलला होता, त्याला मी मनात हसलो आणि तिसरा चष्मा स्वतः लिहून दिला. तक्त्यावरची अक्षरे आपण एक डोळा झाकून वाचायला लावतो. म्हणजे ज्या दुहेरीपणाची तक्रार आहे, तेच तपासणीच्या पहिल्या क्षणी पुसून टाकतो.

चार महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा कपडे वाळत घालताना दांडी दोन दिसू लागली होती. बोलता बोलता त्यांनी उजवा डोळा मिटला आणि म्हणाल्या, ‘‘आता बघा, एकच.’’ दोष दोन डोळ्यांच्या मेळात होता. मॅडॉक्स रॉडच्या लाल काचेतून समोरचा दिवा लाल रेघेसारखा दिसतो, उघड्या डोळ्याला तो दिवाच दिसतो, आणि मेळ जमत असेल तर रेघ दिव्यातूनच जाते. ही काच उजव्या डोळ्यापुढे धरली, तर लाल आडवी रेघ दिव्याच्या वरून गेली, आणि नजर वर नेताच ते अंतर वाढले. प्रतिमा सरकवून दोन्ही जुळवणारा प्रिझमचा चष्मा देण्याचा मोह झाला, पण प्रत्येक दिशेला अंतर वेगळे असताना एक प्रिझम किती पुरणार? मग मी खुर्चीमागे उभा राहिलो, त्यांचे डोके मागे झुकवले आणि भुवयांवरून खाली पाहिले. उजवे बुबुळ पुढे आले होते. समोरून पट्टी लावली तर तीन मिलिमीटर खालीही होते. भुवईखाली, नाकाकडच्या कोपऱ्यात, करंगळीला रबरासारखा फुगवटा लागला.

नाकाबद्दल विचारले, तेव्हा कुठे वर्षानुवर्षांची सर्दी आणि बारा वर्षांपूर्वीची सायनसची शस्त्रक्रिया बाहेर आली. ‘‘डोळ्यांच्या डॉक्टरांना नाकाचं काय सांगायचं, म्हणून बोलले नाही.’’ पण कपाळाच्या हाडातल्या पोकळीचा, म्हणजे सायनसचा, तळ हेच डोळ्याच्या खोबणीचे छप्पर असते. सायनसचे तोंड बुजले की आतला स्राव साचत राहतो, त्याची पिशवी, म्हणजे म्यूकोसील, वर्षानुवर्षे फुगते आणि दाबाने हाड झिजवते. दुखत नसल्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. सीटी स्कॅनमध्ये ते छप्पर कागदासारखे पातळ झालेले आणि एका ठिकाणी नाहीसेच झालेले दिसले.

कान-नाक-घशाच्या सर्जनने नाकातून दुर्बीण घालून पिशवीला वाट करून दिली. सहा आठवड्यांनी समोर पाहताना लाल रेघ दिव्यातून गेली. नजर वर नेली, की थोडे अंतर अजून राहते. त्या दिवशी काकूंनी पिशवीतून तिन्ही चष्मे काढून माझ्या टेबलावर ओळीने ठेवले आणि विचारले, ‘‘डॉक्टर, यातला आता कोणता घालू?’’