नोकरी सोडायचं ठरवलं, आणि एक मायक्रोमीटर आडवा आला

आमच्या नो ड्यूजच्या फॉर्मवर, म्हणजे जाताना कंपनीचं काही देणं बाकी नाही असं लिहून घ्यायच्या कागदावर, नऊ चौकोन होते. स्टोअर, टूल रूम, कँटीन, आयटी, अकाउंट्स, टाइम ऑफिस, आपला विभाग, स्टँडर्ड रूम आणि शेवटी प्लँट हेड. 30 जानेवारी 2024 ला, माझ्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या चहापर्यंत सात सह्या झाल्या. उरलेल्या दोन सह्यांना चोवीस दिवस लागले. मला खरं तर त्या चोवीस दिवसांबद्दलच लिहायचंय. पण भेटेल तो आधी विचारतो, “दहा वर्षांची नोकरी सोडायचं ठरवलंस कसं?” म्हणून ते पहिल्यांदा सांगतो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत मी जून 2014 पासून क्वालिटीला होतो. एप्रिल 2023 मध्ये नवीन प्लँट हेड आले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. पहिल्याच आठवड्यापासून सगळ्यांना अरे-तुरे. ज्या ऑपरेटरांसमोर मी नऊ वर्षं ‘सर’ होतो, त्यांच्यासमोर मला “ए चष्मा” अशी हाक. मी ते पोटात घातलं. डिस्पॅचचा ताण असतो, माणूस नवीन आहे, वरून त्यालाही ऐकून घ्यावं लागत असेल, असं मनाला समजावत राहिलो.

11 ऑगस्टला 1,200 बुशांचा (पोकळ नळीसारख्या पार्टचा) लॉट होता. ड्रॉइंगवर बोअर (आतल्या भोकाचा व्यास) 20 एच-7, म्हणजे 20.000 ते 20.021 मिलिमीटरच्या आत हवा. बोअर गेज 20.034 दाखवत होता. मी दोनदा झिरो सेट करून तपासलं, दुसऱ्या मुलाकडून तपासून घेतलं, लॉट होल्डवर टाकला, म्हणजे पाठवायचा थांबवला, आणि सही करून लाल टॅग लावला. गाडी गेटवर उभी होती. साहेब आले, टॅग ओढून फाडला आणि म्हणाले, “ए, लाल कागद चिकटवायचा पगार देतो का तुला?” शिफ्टची चौदा माणसं उभी होती. टॅगचे दोन तुकडे कूलंटच्या ट्रेमध्ये पडले आणि माझ्या सहीची निळी शाई त्या दुधट पाण्यात पसरत गेली. लॉट गेला.

त्या रात्री मी दीड पानाचा राजीनामा लिहिला. मिसेसनी वाचला आणि एवढंच म्हणाली, “अहो, उद्या सकाळी पाठवा. आज नको.” सकाळी मी तो पाठवला नाही. ही तिची माझ्यावरची मोठी मेहेरबानी आहे, आणि त्यात पैशाचाही भाग आहे. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांच्या वर दिवस भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात. दोन महिन्यांची नोटीस धरून मी ऑक्टोबरमध्ये बाहेर पडलो असतो, म्हणजे नऊ वर्षं चार महिने, हिशेबात नऊ. जानेवारीअखेर निघालो म्हणून दहा. माझं बेसिक 24,000 होतं. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून: 24,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 10 म्हणजे 1,38,461 रुपये. रागाच्या भरात 13,846 रुपये सोडून आलो असतो. सोडायचा विचार मनात आला की सगळ्यात आधी आपली जॉइनिंगची तारीख बघा. पाच वर्षांच्या आत असाल, म्हणजे ग्रॅच्युइटी अजून लागू झाली नसेल, तर दुप्पट काळजीने बघा.

मग मी खिशातल्या छोट्या डायरीत लिहायला लागलो. तारीख, काय बोलले, कोण समोर होतं, कशावरून. भावना लिहायच्या नाहीत असं ठरवलं होतं. जवळपास तीन महिन्यांत एकतीस नोंदी झाल्या. एका गुरुवारी (आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते) मी त्या शांतपणे वाचल्या, तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. बारा नोंदी आवाज चढवण्याच्या होत्या. आवाज ते सगळ्यांवर चढवायचे, स्टोअरवर, मेंटेनन्सवर, ड्रायव्हरवर. उरलेल्या एकोणीस नोंदी मी होल्ड केलेला माल माझी सही डावलून पाठवल्याच्या होत्या. कस्टमरकडून तक्रार आली की तिचा रिपोर्ट मात्र मीच लिहायचा, आणि कारणाच्या रकान्यात ‘तपासणीत चूक’.

माझा निर्णय तिथे अर्धा झाला. बोलणं मी सोसलं असतं. माझ्या वडिलांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यांनी काय कमी ऐकून घेतलं? ते मला म्हणालेही, “बोलण्याने अंगाला भोकं पडत नाहीत, पोरीची नववी आहे, घराचा हप्ता आहे.” खरं होतं. हप्ता 17,400 चा. पण वडिलांनी फाडलेलं तिकीट कुणी परत जोडायला लावलं नव्हतं. क्वालिटीच्या माणसाकडे सहीशिवाय दुसरं असतं काय? ती सही खोटी ठरवून पुन्हा तिचाच दोष माझ्या माथी मारायचा, हे माझ्याने होईना.

मिसेसच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला स्वतःला कळली नव्हती. ती म्हणाली, “तुम्ही बुधवारी रात्री माणसात असता आणि गुरुवारी चार वाजले की बोलायचे बंद होता.” हे ऐकल्यावर मी रात्रभर जागा होतो.

तरी एकदा समोरासमोर बोलायचं ठरवलं. न बोलता सोडलं असतं तर मला आयुष्यभर वाटलं असतं की सांगून बघायला हवं होतं. दिवाळीच्या आधी केबिनमध्ये गेलो. म्हणालो, “साहेब, दोनच गोष्टी आहेत. लोकांसमोर मला अरे-तुरे करू नका. आणि होल्डचा माल पाठवायचाच असेल तर डेव्हिएशन नोटवर, म्हणजे मापाबाहेरचा माल पाठवायच्या परवानगीच्या कागदावर, तुमची सही द्या, मी टॅग काढतो.” त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. “जमत नसेल तर गेट उघडं आहे,” म्हणाले. मला राग आला नाही. उलट छाती हलकी झाली. उत्तर मिळालं होतं.

ज्यांच्याकडे चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नाही, त्यांनी दुसरी ऑफर हातात आल्याशिवाय कागद टाकू नये. मीही नाही टाकला. 27 नोव्हेंबरला चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, पगार जवळपास तेवढाच. 1 डिसेंबरला राजीनामा दिला, चार ओळींचा, ‘वैयक्तिक कारणास्तव’. तो दीड पानाचा अजून माझ्याकडे आहे, पण तो कुणाला द्यायचा नव्हता. राजीनाम्याची पोच घ्या. एचआरला मेल करताना स्वतःच्या घरच्या मेलवरही एक प्रत ठेवा आणि छापील प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. नोटीस कधी सुरू झाली यावरून पुढे सगळा हिशेब असतो.

नोटीसचे साठ दिवस सरळ गेले.

30 जानेवारीला स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजायची उपकरणं ठेवतात तिथे, गेलो तर तिथला मुलगा मान खाली घालून म्हणाला, “सर, तुमच्या नावावर एक मायक्रोमीटर बाकी आहे. साहेबांनी सांगितलंय, मिळाल्याशिवाय सही नाही.” 0 ते 25 मिलिमीटरपर्यंत बाहेरचं माप घ्यायचा आउटसाइड मायक्रोमीटर. इश्यू रजिस्टरला 2021 ची माझी सही होती, आणि समोरचा परत केल्याचा रकाना कोरा. मी तो डिसेंबरातच त्याच खिडकीवर परत दिला होता. त्यालाही आठवत होतं. “आठवतंय सर, पण लिहिलेलं नाही.”

दहा वर्षं मी त्या प्लँटमध्ये हजारो मोजमापं केली आणि शेवटच्या दिवशी मोजायचं यंत्र घरी नेल्याचा ठपका घेऊन गेटबाहेर पडलो. बॅग तपासली गेली, रोज तपासतात तशीच, पण त्या दिवशी ती उघडून धरताना माझे हात थरथरत होते.

5 फेब्रुवारीला नवीन कंपनीत रुजू झालो. त्यांनी रिलिव्हिंग लेटरसाठी (जुन्या कंपनीने मोकळं केल्याच्या पत्रासाठी) पंधरा दिवस दिले. जुन्या एचआरला फोन केला की एकच वाक्य, “साहेबांची सही बाकी आहे.” प्रत्यक्ष जावं तर नव्या कंपनीची सुट्टीही गुरुवारीच, त्या दिवशी जुन्या कंपनीला कुलूप. मग फर्स्ट शिफ्ट सुटली की साडेतीनला चाकणहून निघायचं, तळेगाव चौकातल्या गर्दीतून, मोशीमार्गे भोसरीत पोचायला पाच. एचआर पाचला उठतं. दोनदा मी पोचलो तेव्हा टेबल आवरलेलं होतं. तिसऱ्यांदा बसायला मिळालं. साहेब मीटिंगमध्ये होते. पावणेदोन तास त्या काचेच्या दाराबाहेर बसलो. माझ्याच लाइनची मुलं जाता-येता “काय सर, काम झालं का?” विचारत होती आणि मी “होतंय, होतंय” म्हणत होतो. साडेसहाला निरोप आला, आज जमणार नाही.

एचआरमधल्या मॅडमनी एक वाट सुचवली, “मायक्रोमीटरची किंमत फायनल सेटलमेंटमधून कापून घेऊ, लगेच सही होईल.” भल्या बुद्धीने सांगत होत्या. रक्कमही काही मोठी नव्हती. मी नाही म्हणालो. पैसे भरले असते तर न केलेली चोरी मी सही करून कबूल केली असती. मुदत संपत आली होती आणि मिसेसलाही वाटत होतं की भरून मोकळं व्हावं. त्या रात्री आमचं थोडं वाजलंसुद्धा.

मग अंथरुणावर पडल्या पडल्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे उपकरणं बरोबर मोजतात का हे तपासायचं, वेळापत्रक आठवलं. त्या मायक्रोमीटरची मुदत जानेवारीत संपत होती, तेव्हा तो बाहेरच्या लॅबला गेला असणार. आणि बाहेर गेला असेल तर रिटर्नेबल गेट पास (परत येणाऱ्या वस्तूचा पास) फाटला असणारच, त्याशिवाय सुईसुद्धा गेटबाहेर जात नाही. दुसऱ्या दिवशी मी एचआरकडे गेलोच नाही, गेटवरच थांबलो. सिक्युरिटीचे काका ओळखीचे. त्यांनी आउटवर्डचं, बाहेर गेलेल्या मालाचं, रजिस्टर काढलं आणि थुंकी लावून पानं उलटली. 9 जानेवारी, सहा उपकरणं, चौथ्या ओळीत तोच आयडी नंबर. मग इनवर्डचं काढलं. 22 जानेवारीला कुरिअरने परत आलेलं पार्सल, घेणार स्टोअर. स्टोअरच्या मांडणीवर ते खाकी पुठ्ठ्याचं खोकं पट्टीसकट तसंच होतं. आत सहा उपकरणं, सहा सर्टिफिकेटं. मी नो ड्यूजचा फॉर्म घेऊन स्टँडर्ड रूममध्ये उभा होतो, त्याच्या आठ दिवस आधीपासून मायक्रोमीटर त्याच छपराखाली होता.

काकांनी दोन्ही पानांचे फोटो काढायला परवानगी मागून दिली. ते फोटो जोडून मी एचआरला मेल केला, त्यात एकही वावगा शब्द नाही, फक्त तारखा आणि आयडी नंबर. शेवटी लिहिलं की पैसे कापायला माझी संमती नाही. 23 फेब्रुवारीला दोन्ही सह्या होऊन रिलिव्हिंग लेटर मिळालं. माफी कुणी मागितली नाही. नवीन कंपनीने तीन दिवस सांभाळून घेतलं, तेही त्या मेलची प्रत दाखवल्यावर.

म्हणून हे आधीच करा: आपल्या नावावर काय काय आहे याची यादी नोटीसच्या पहिल्या आठवड्यात मागा आणि वस्तू परत करताना समोरच्याच्या सहीचा फोटो घ्या. मी इतरांना दहा वर्षं हेच शिकवत होतो. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, तेव्हा पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 आधीच उतरवून ठेवा. ड्रॉइंग, रिपोर्ट यांना मात्र हात लावू नका. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील असतील तर त्यांची सोय नोटीसमध्येच बघा.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. जुनी कंपनी ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सोडल्याची तारीख) टाकत नसेल तर हात जोडत बसायची गरज नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीने ती आपली आपल्याला टाकता येते. मी तशीच टाकली.

ग्रॅच्युइटीचा अर्ज, फॉर्म आय, मी रजिस्टर पोस्टाने पाठवला होता. (2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत, त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे आणि राजीनाम्यानंतर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. माझे आकडे जुन्या कायद्याचे आहेत.) ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. माझी 13 मार्चला आली, 1,38,461. तीस दिवसांची मुदत चुकली की व्याज मुदत संपल्यापासून नाही, देय तारखेपासून लागतं, तेव्हा वर्षाला दहा टक्के सरळव्याज होतं. 30 जानेवारी ते 13 मार्च त्रेचाळीस दिवस. मी हिशेब मांडून मेल केला, 1,631 रुपये, आणि नाही मिळाले तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करीन असंही लिहिलं. मिसेस म्हणाली, “जाऊ द्या ना आता.” मी नाही जाऊ दिलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खात्यात 1,631 रुपये जमा झाले.