रजेवर आलेला फौजी आणि बसल्या जागचे जनरल

रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या पहिल्या महायुद्धावरच्या जर्मन कादंबरीत विषारी गॅस आहे, पावावर तुटून पडणारे उंदीर आहेत, एकेक करून संपणारा अख्खा वर्ग आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात जिव्हारी लागतं ते रजेचं प्रकरण. पाउल बॉयमर, शाळेतून थेट फौजेत गेलेला पोरगा, प्रवास धरून १७ दिवसांच्या रजेवर घरी येतो. जुने मास्तर त्याला धरून बिअरच्या टेबलावर नेतात, तिथे हेडमास्तर बसलेले. सिगार देतात आणि सुरूच होतात, बेल्जियम अख्खं पाहिजे, फ्रान्सच्या कोळशाच्या खाणी पाहिजेत, रशियाचेपण लचके पाहिजेत, तुम्ही पोरांनी तिकडे जरा जोर लावा की. पाउल म्हणतो अहो ते इतकं सोपं नाहीये, तर त्यालाच ऐकवतात की तुला तुझ्यापुरतं कळतं रे, एकूण चित्र नाही कळत. खंदकातून आलेल्याला!

तिच्यावरच्या २०२२ च्या जर्मन सिनेमाला चार ऑस्कर मिळाली पण त्यांनी ही रजाच गाळून टाकली. चिखल, रक्त भारी दाखवलंय, पण तो बघून वाटतं की पोरांचा भ्रमनिरास काय तो तोफा करतात. पुस्तकात निम्मं काम घरचे लोक करतात. आई विचारते, फार वाईट होतं का रे तिकडे, आणि हा चक्क नाही म्हणतो.

परवा एका लग्नात नात्यातला अग्निवीर, म्हणजे चार वर्षांपुरता फौजेत भरती झालेला पोरगा आलेला, रजेवर. हातात प्लेट आणि भोवती काकालोक. एकदाच घुसून का टाकत नाही रे तुम्ही, इथपासून ड्रोन, एस-४००, सगळं त्यालाच समजावून झालं, आणि तो आपला हो काका, बरोबर काका करत जिलेबीचे तुकडे पाडतोय. नंतर हात धुताना मी विचारलं, काय म्हणतोस, तर बॉर्डरचं नावसुद्धा नाही. म्हणाला, ताई, चार वर्षं संपत आली, शंभरातले पंचवीस कायम ठेवणार, त्यात मी नसलो तर सुटताना मिळणारे ते ११.७१ लाख घेऊन गावात करू काय, एटीएमबाहेर वॉचमन म्हणून बसू? घरी बोललास का? तर म्हणे कुठे, आई आधीच बीपीची गोळी घेते.

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात एक काका तोंडात विडा कोंबत आलेच, अरे, ते लाहोरचं सांगायचं राहिलंच तुला.