एक जूनचा वाढदिवस आणि दोन नावे

माझ्या आईची जन्मतारीख कागदोपत्री 1 जून 1951 अशी आहे. तिचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत, घरीच, सुईणीच्या हातून झाला. त्याची नोंद कुणी केली नाही आणि पुढे शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एक जून लिहून टाकला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती सुलोचना आहे. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, ती सुनंदा झाली आणि रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत सगळीकडे सुनंदाच राहिली. मागच्या वर्षी तिचा पासपोर्ट काढायला घेतला, तेव्हा एका कार्यालयाच्या खिडकीवर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मला विचारण्यात आले, "या दोघी एकच कशावरून?" आई माझ्या बाजूलाच उभी होती.

आमचे काम प्रतिज्ञापत्रावर भागले. पण हाच प्रश्न एखाद्याला परकीय असल्याच्या संशयावरून विचारला जातो, तेव्हा कायदा काय म्हणतो, हे मी त्यानंतर नीट वाचले. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1946 मध्ये झालेल्या परकीय नागरिक कायद्याच्या कलम 9 नुसार, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच होता. चोरीच्या आरोपीचा गुन्हाही सरकारला सिद्ध करावा लागतो. येथे मात्र उलटे आहे. आसामपुरता 1983 मध्ये वेगळा कायदा करून हा भार तक्रार करणाऱ्या बाजूवर टाकला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये घटनाबाह्य ठरवला. 1 सप्टेंबर 2025 पासून जुन्या चार कायद्यांच्या जागी एकच नवा कायदा लागू झाला, आणि भार पूर्वी होता तिथेच राहिला.

दुसरीकडे नागरिकत्वाची व्याख्या पिढीगणिक आवळत गेली आहे. 26 जानेवारी 1950 नंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी जो भारतात जन्मला, त्याला आईबाप कोण हे सहसा विचारले जात नाही. माझी आई आणि मी, दोघी या नियमात बसतो. माझ्या बहिणीचा मुलगा 1992 चा, त्याच्यासाठी आईबापांपैकी एक जण भारतीय असावा लागतो. माझी मुलगी 2006 ची. 3 डिसेंबर 2004 पासून लागू झालेल्या नियमानुसार तिचे दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. एकाच घरात तीन नियम नांदत आहेत, आणि लहानाचे नागरिकत्व मोठ्यांच्या कागदांवर उभे आहे.

हा वाद आजकालचा आहे असे मानणाऱ्यांनी ऑगस्ट 1949 मधली संविधान सभेतली चर्चा जरूर वाचावी. मसुदा समितीला एक अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने इतकी डोकेदुखी दिली नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागरिकत्वाच्या कलमाबद्दल तिथे सांगितले. आपल्या विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख मसुद्यावर नाराज होते. केवळ जन्माच्या आधारावर आपण नागरिकत्व फार स्वस्त करत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि इतर कोणत्याही देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू व शीख व्यक्तीला भारताचे नागरिकत्व मिळावे अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. सभेने ती फेटाळली. नागरिकत्व कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीच्या वेळी दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, त्याचे मूळ या तीन दिवसांच्या चर्चेत सापडते. शिक्षणासाठी आणि शेतकऱ्यांसाठी झिजलेल्या पंजाबरावांविषयी मला अतोनात आदर आहे, तरीही या एका बाबतीत सभेचा निर्णय योग्य होता असे मला वाटते, कारण फाळणीच्या जखमा ओल्या असताना धर्म बाजूला ठेवून तो घेतला गेला होता.

चोरून सीमा ओलांडणाऱ्यांना शोधण्याचा आणि परत पाठवण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप भाराबद्दल आहे. आसामच्या नागरिक नोंदणीची यादी 31 ऑगस्ट 2019 रोजी लागली, तेव्हा 19,06,657 अर्जदार तिच्याबाहेर राहिले. माहेरशी नाते दाखवणारा कागद नाही, म्हणून अडकलेल्या विवाहित बायकांच्या कहाण्या तेव्हा वाचल्या होत्या. सुलोचना आणि सुनंदाच्या कागदांनी त्यांचा अर्थ मला कळला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र नुसते जवळ असल्याने कोणी भारतीय ठरत नाही, असे सांगितले. कायद्याने ते बरोबरच आहे, पण मग नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याने दाखवायचे तरी काय? त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई परिसरात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते आपलेच निघाल्यावर परत आणावे लागले.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्या एका प्रकरणात बजावले आहे की भार व्यक्तीवर असला, तरी हाती काही ठोस आधार नसताना कुणालाही उचलून 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही. हे तत्त्व कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहिले जावे, संशयिताला वकील आणि गावाकडून कागद मागवायला पुरेसा वेळ मिळावा आणि सुनावणीआधी कुणालाही सीमेवर नेले जाऊ नये, एवढी माझी मागणी आहे.

आईचा पासपोर्ट आला. त्यावर ती सुनंदा आहे आणि तारीख एक जूनच आहे. शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि लग्नपत्रिका मी एका पिशवीत घालून मुलीच्या जन्मदाखल्याशेजारी कपाटात ठेवली आहे.