बावीस वर्षांच्या मुलाची गादी

मी दोन मणक्यांच्या मधल्या गाद्यांवर काम करते, म्हणजे पेशंटवर नाही, ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे आमच्या लॅबला येतात त्यांच्यावर. मागच्या आठवड्यात दोन एकदम आले. एक साठी ओलांडलेल्या, जन्मभर शेतात राबलेल्या बाईंचा. दुसरा आंब्याच्या झाडावरून पडून मणका फुटलेल्या २२ वर्षांच्या मुलाचा. त्याला आधी कधी कंबरदुखी नव्हती, म्हणून तो आमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी निरोगी नमुना.

बाईंचा तुकडा नेहमीसारखा सलाईनमध्ये बुडवून पाठवलेला. ओटीवाल्यांना किती वेळा सांगायचं! सलाईनमध्ये गादी फुगते आणि ज्या ॲग्रीकॅनसाठी (गादीत पाणी धरून ठेवणारं प्रोटीन) आम्ही तुकडा मागतो तेच पाझरून जातं. त्याच्या साखळ्यांवर निगेटिव्ह चार्ज असतो, तो सोडियम ओढतो, सोडियममागे पाणी येतं, म्हणून तर गादी वजन पेलते. मुलाचा तुकडा मात्र कोरड्या ट्यूबमध्ये, बर्फावर, अगदी हवा तसा.

पण ट्यूब उघडतानाच खटकलं. या वयात गादीचा गाभा शहाळ्यातल्या पातळ मलईसारखा हवा, हा पिवळट, चिवट, तंतूच तंतू.

दोन्ही वाळवून वजन केलं, रात्रभर पपेनमध्ये (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) ६० अंशांवर विरघळत ठेवले, सकाळी डीएमएमबी नावाचा डाय घातला. हा निळा डाय जीएजी, म्हणजे ॲग्रीकॅनच्या त्याच साखळ्या, मिळाल्या की जांभळट होतो पण लगेच गाळ धरतो, प्लेट झटपट वाचावी लागते, आणि त्यात माझा हात चांगला बसलाय. बाईंचे वेल्स (प्लेटमधले खळगे) जांभळे, मुलाचे जेमतेम. लेबलं तपासली, नवीन स्टँडर्ड (जीएजी किती ते माहीत असलेलं द्रावण) लावून परत केलं, तेच. सलाईनमध्ये गमावूनसुद्धा बाईंची गादी सरस!

गादीत आत रक्तवाहिनी नसते, ग्लुकोज वरखालच्या एंडप्लेटमधून (गादी आणि हाडामधला पातळ थर) झिरपत येतं आणि लॅक्टेट, म्हणजे पेशींचा आम्ल कचरा, त्याच वाटेने बाहेर जातं. ती वाट अडली की आम्लता वाढते, पेशी मरतात, नवीन ॲग्रीकॅन बनत नाही आणि जुनं एन्झाइम्स तोडत राहतात. पण बाविसाव्या वर्षी? फिनलंडमधल्या जुळ्या भावांवरचा १९९५ चा अभ्यास जड कामापेक्षा आनुवंशिकतेला जास्त वजन देतो, तसं काही असेल का?

सर म्हणतात फ्रॅक्चरमुळे झालं असेल, आउटलायर आहे, म्हणजे बाकीच्यांत न बसणारा आकडा, काढून टाक. मला नाही पटत. पडल्यावर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालंय, तेवढ्यात गाभ्याचे असे तंतू होत नाहीत. आणि काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी तिघांतल्या एकाहून जास्त जणांत झिजलेली गादी दिसते, हे तर छापून आलंय. मग आपल्याला हवी तशी गादी निघाली तरच तो नॉर्मल, हे कुठलं शास्त्र?

मुलाचा उरलेला तुकडा ती तोडणारी एन्झाइम्स रंगवून बघायला (स्टेनिंगला) दिलाय. एक्सेलमधली त्याची ओळ मी काढलेली नाही.